यंत्राचे सूर आणि दहा राग

आरंभींच एक कबुली देणें मला प्राप्त आहे. गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतां दहावीच्या एका विद्यार्थ्यानें स्वतः रचलेली एक धून मोबाइलवर मला ऐकविली. तींत ना पेटी, ना तबला. केवळ एकसारखा ठेका आणि त्यावर वळणें घेत जाणारा एक चमत्कारिक सूर. "हें संगीत नव्हे, ही यंत्राची कटकट आहे," असें मीं म्हटलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मोबाइल खिशांत घालून तो खुर्च्या मांडावयास निघून गेला.

पुढें दिवाळीच्या सुटींत एक जुनी तबकडी माझ्या ऐकण्यांत आली, आणि माझेच शब्द मला टोचूं लागले. तिचे कर्ते चरणजित सिंग हे मुंबईस हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व इतर वाद्यें वाजवीत असत. त्यांनीं १९८२ सालीं तीन जपानी विद्युत्-वाद्यें एकमेकांस जोडून भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस इत्यादि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. तबकडीचा खप फारसा झाला नाहीं, आणि लोक ती विसरून गेले.

हीं वाद्यें बोलतात कशीं, तें समजून घेणें जरूर आहे. सतारीची तार छेडली म्हणजे ती थरथरते व हवा हलविते. सिंथेसायझरांत तार नसते. तेथें विजेचा दाब सेकंदास शेंकडों वेळां चढतो-उतरतो आणि स्पीकरचा पडदा त्या तालावर हालतो. ४४० आंदोलनें झालीं कीं पाश्चात्य वादक ज्या सुरावर आपलीं वाद्यें जुळवितात तो सूर निघतो. मग या सुरास एका चाळणींतून जावें लागतें. बटण फिरवितांच त्या चाळणीचीं छिद्रें जणूं लहान-मोठीं होतात, आणि तोच सूर कधीं घोंगडींतून आल्यासारखा दबका, तर कधीं पत्र्यासारखा कर्कश लागतो. शिवाय स्वरांची एक ओळ यंत्राच्या स्मरणांत ठेवितां येते. तें ती न थकतां पुनःपुन्हां वाजवितें.

या तिन्हींपैकीं टीबी-३०३ नांवाचें वाद्य रोलंड कंपनीनें १९८१ सालीं काढिलें तें बास गिटारची उणीव भरून काढण्यासाठीं. त्या कामीं तें अगदींच फसलें, व १९८४ सालीं त्याचें उत्पादन बंद पडलें. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटतां घसरत जाण्याची सोय त्यांत होती. आपण जिला मींड म्हणतों, तिच्याच जातीची ही गोष्ट. आपल्या पेटीस ती साधत नाहीं! पेटीवर १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें बंदी घातली, तेव्हां घेतलेल्या आक्षेपांपैकीं हाहि एक होता. ती बंदी १९७१ पर्यंत शिथिल झाली नाहीं. पेटी मूळची पॅरिसची. तिचें तेथील पेटंट १८४२ सालचें आहे. आणि आज तिच्यावांचून नाट्यसंगीताची कल्पनाच करवत नाहीं.

इकडे शिकागो शहरांत कांहीं तरुणांनीं हेंच टाकाऊ ठरलेलें यंत्र स्वस्तांत मिळविलें व त्याचीं बटणें मनसोक्त फिरविलीं. १९८७ सालीं त्यांची एक तबकडी निघाली आणि तिजपासून 'अ‍ॅसिड हाउस' नांवाचा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पसरला. चरणजित सिंगांची तबकडी त्याच्या पांच वर्षें आधींची. त्यामुळें कित्येकजण त्यांनाच या प्रकाराचे जनक म्हणतात. मला हें पटत नाहीं. शिकागोच्या मुलांनीं त्यांचें नांवहि ऐकलेलें नसावें. दोन ठिकाणच्या माणसांस एकाच यंत्रांत एकच गुण स्वतंत्रपणें सांपडला, ही गोष्ट मला अधिक नवलाची वाटते.

२००२ सालीं एका डच संग्राहकास ही तबकडी दिल्लीच्या एका दुकानांत मिळाली. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, आणि उतारवयांत चरणजित सिंगांनीं युरोपांतील रंगमंचांवर हे राग वाजविले. २०१५ च्या जुलैंत ते मुंबईस वारले.

रागास पांच मिनिटांत कोंडल्यानें आलापाची हानि होते, हा आक्षेप मी अजूनहि घेतों. परंतु ऐकल्यावांचून तो घेऊं नये. पालकांनीं मुलांसह बसून एवढें करून पाहावें: भूपाळींत मध्यम व निषाद वर्ज्य, मालकंसांत रिषभ व पंचम वर्ज्य, यंत्र हा नियम पाळतें कीं मोडतें, हें कानांनीं तपासावें. ललितांतले दोन मध्यम ओळखणें थोडें कठीण जाईल.

सुटी संपल्यावर मीं त्या विद्यार्थ्यास बोलावून ती धून पुन्हां ऐकविण्यास सांगितलें. तो म्हणाला, "सर, ती मी त्याच दिवशीं पुसून टाकली."

तेव्हांपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर संगीताच्या खोलींत मुलांनीं स्वतः रचलेलें कांहींहि ऐकण्याचा परिपाठ ठेविला आहे. पहिल्या दिवशीं तिघेजण आले. त्यांत तो नव्हता. चौथ्या शनिवारीं आला, आणि दाराजवळच्या बाकावर बसला.