म्हातारपणी दम्याचे औषध

धडगाव सातपुड्याच्या डोंगरात आहे. थंडी पडली की पाड्यापाड्यावर खोकला, दमा वाढतो. चुलीचा धूर घरातच कोंडतो. कुणी जन्मभर बिडी ओढलेली असते.

अशा वेळी घरातले म्हणतात, "पोराच्या दम्याच्या गोळ्या आहेत ना? त्याच आज्याला द्या. दमा तो दमाच!"

असे करू नये. औषध एक असले तरी अंग एक नसते. कसे ते आपण पाहू.

आपली फुफ्फुसे लोहाराच्या भात्यासारखी असतात. भाता जुना झाला की ढिला पडतो. तशीच वयाने फुफ्फुसे ढिली पडतात. छातीचा पिंजरा ताठ होतो. आतली हवा पुरती बाहेर पडत नाही. मग पंप घेऊनही तरुणाइतका आराम पडत नाही. म्हातारा माणूस पुन्हा पुन्हा पंप दाबतो. त्याने हात कापतात, छाती धडधडते.

पंप दाबणे आणि श्वास ओढणे एकाच वेळी जमावे लागते. म्हाताऱ्या बोटांना ते जमत नाही. औषध तोंडातच राहते. त्यासाठी पंपाला लावायचे नळकांडे मिळते. त्याला स्पेसर म्हणतात. ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

आता गोळीचे पाहू. थिओफिलीन नावाची दम्याची गोळी आहे. ती पचवून संपवण्याचे काम यकृत करते. म्हातारपणी हे काम सावकाश चालते. मग औषध रक्तात साठते. मळमळ, उलटी, धडधड होते. फार साठले तर झटकेही येतात.

बिडी ओढणाऱ्याच्या अंगातून ही गोळी लवकर संपते. बिडी सोडली की तीच गोळी जास्त होते. बिडी सोडावीच, पण डॉक्टरांना तसे सांगावे. ते गोळी कमी करतील.

रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्यांनी दमा वाढतो. म्हणून दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत.

ध्यानात ठेवा :
१. दुसऱ्याचे औषध घेऊ नये.
२. औषध आपल्या मनाने वाढवू नये, बंदही करू नये.
३. डॉक्टरांना वय आणि बिडी, दोन्ही खरे सांगावे.
४. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. क्षयाची ही तपासणी फुकट होते.
५. बोलताना धाप लागली, ओठ निळे पडले, तर वाट पाहू नये. लगेच दवाखाना गाठावा.

आता तुम्हाला वाचता येते. पाकिटावरचे नाव वाचा आणि घरातल्या आजा-आजीला हा धडा वाचून दाखवा.