जुनी लेन्स घ्यायची आहे? आधी जंगल बघा!

ताडोब्याला जाऊन आलेला प्रत्येक जण होस्टेलवर दोन गोष्टी सांगतो. एक, वाघ दिसला. दोन, फोटोत तो वाघ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं लागतं! मग टेलिफोटो लेन्सची चर्चा सुरू होते, नव्या लेन्सची किंमत कळते आणि चर्चा तिथेच संपते.

पण मित्रांनो, सध्या जुन्या लेन्सच्या बाजारात आपल्यासारख्यांचे दिवस आलेत. बरेच हौशी फोटोग्राफर डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळले आणि त्यांच्या चांगल्या चांगल्या लेन्स विकायला निघाल्या. मी गेल्या उन्हाळ्यात अशीच एक घेतली. पैसे दोन वर्षांच्या शिकवण्यांचे होते, एकूण पस्तीस हजार, म्हणजे एकदा चुकलं की पुन्हा दोन वर्षं! त्यामुळे घेण्याआधी जो काही अभ्यास केला (एम-३ चाही इतका केला नव्हता) तो इथे मांडते. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ‘नाभीय अंतर’ हा शब्द मला शब्दकोशात शोधावा लागला. इथे सरळ फोकल लेंथच म्हणते.

पहिला प्रश्न सगळे विचारतात: ३०० घेऊ की ६००? याचं उत्तर दुकानात नाही, जंगलात आहे. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं सोपं गणित बघा. सेन्सरवरची प्रतिमा म्हणजे फोकल लेंथ गुणिले वस्तूची लांबी, भागिले अंतर. वाघ शेपूट सोडून साधारण १.८ मीटर धरा. ताडोब्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबू आणि साग, त्यामुळे वाघ दिसतो तो बहुतेक वेळा जवळच. ३० मीटरवर ३०० मि.मी. लेन्सने त्याची प्रतिमा १८ मि.मी. येते. आपल्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २२ मि.मी. रुंद असतो, म्हणजे फ्रेम भरली. तोच वाघ ६०० ने ३६ मि.मी. होतो, म्हणजे फ्रेममध्ये मावतच नाही! नुसतं पोट किंवा नुसतं तोंड. शिवाय वाघ जिप्सीकडे चालत यायला लागला तर मागे सरकायला जागा नसते, म्हणून झूम हवी.

आता गडचिरोलीकडे या. चपराळा अभयारण्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. तिथे नदीचं रुंद पात्र आणि पाण्यावरचे पक्षी. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर. २० मीटरवर ३०० ने तो अडीच मि.मी. येतो आणि ६०० ने पाच. इथे मात्र जितकी लांब लेन्स तितकी कमीच. तेव्हा तुम्ही मोहर्ली गेटवाले आहात की नदीकाठवाले, हे आधी ठरवा.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि माझ्या मते हीच मोठी. वाघ हिंडतो सकाळी आणि संध्याकाळी. बांबूच्या सावलीत सकाळी सहाला इतका कमी उजेड असतो की आयएसओ ३२०० ठेवूनही एफ ५.६ ला शटर १/२५० च्या आसपासच मिळतं. एफ २.८ असती तर १/१००० मिळालं असतं, पण त्या लेन्सच्या किमतीत सेकंडहँड बाईक येईल, ते सोडा. बऱ्याच ६०० च्या झूम लांब टोकाला एफ ६.३ होतात. म्हणजे आणखी एक तृतीयांश स्टॉप कमी. आय.एस. किंवा व्ही.आर. आहे ना, असं विक्रेते म्हणतील. ती यंत्रणा तुमचा हात स्थिर करते, चालणारा वाघ नाही. आणि मे महिन्यात दुपारी दूरच्या पाणवठ्यावर लावलेली ६०० ही चंद्रपूरची तापलेली हवासुद्धा मोठी करून दाखवते. फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. त्यात लेन्सचा काही दोष नसतो.

बाजारात काय मिळतं? कॅननची १९९८ साली आलेली १००-४००, निकॉनची २०१५ ची २००-५००, सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००, आणि बजेट कमी असेल तर ७०-३०० किंवा ५५-२५०. वजनही विचारा. निकॉनची २००-५०० सव्वादोन किलोच्या पुढे आहे, कॅननची जुनी १००-४०० चौदाशे ग्रॅमच्या आत.

इथे एक सापळा आहे. निकॉनची २००० सालची ८०-४०० डी व्हीआर स्वस्तात दिसली की लोक उड्या मारतात. तिच्यात फोकसची मोटर नाही, ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांत ती नसते, एफटीझेड अडॅप्टरमध्येही नसते. मग बसा हाताने फोकस करत! तसंच सिग्माच्या फार जुन्या काही लेन्स कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यावर एरर देतात. म्हणून स्वतःची बॉडी सोबत नेल्याशिवाय लेन्स बघायला जाऊच नये. कुरियरने तर मागवूच नये.

मी भावाला घेऊन नागपूरला गेले. पहिल्या घरी लेन्स बाहेरून नवीकोरी होती. काका म्हणाले, “पोरी, वापरलीच नाही गं, चार वर्षं कपाटात पडून होती.” ऐकायला किती छान! पण लेन्सच्या बाबतीत ‘पडून होती’ हे वाक्य ऐकलं की आधी टॉर्च काढायचा. मागच्या बाजूने टॉर्च धरून पुढून तिरकं बघितलं, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी! अंधार, दमट हवा आणि बंद बॅग मिळाली की ती काचेवर वाढते आणि कोटिंग खाते. धुळीचे चार कण असले तर घाबरू नका, फोटोत ते दिसत नाहीत. धागे किंवा दुधाळ धूसरपणा असेल तर किंमत निम्मी केली तरी नको. मी काकांना दाखवलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं बिचाऱ्यांना. चहा घेतला आणि निघालो.

दुसरी लेन्स होती कॅननची १००-४००. तिची झूम रिंग फिरवायची नसून नळी पुढे-मागे ढकलायची असते, म्हणून काही जण तिला धूळ ओढणारा पंप म्हणतात. कडा घासलेल्या, रंग उडालेला. वापरलेली लेन्स दिसते तशीच. टॉर्चमध्ये काच स्वच्छ. नळी ढकलून पाहिली: अडकत नाही, खडखडत नाही, हलवली तर आमच्या मेकॅनिकलच्या भाषेत बॅकलॅश नाही (बॅकलॉग नव्हे, तो आमच्याकडे भरपूर आहे). माउंटच्या स्क्रूंची डोकी बघितली. तिथे ओरखडे असतील तर कुणीतरी ती उघडली आहे असं समजा आणि का ते विचारा. शटर अर्धं दाबल्यावर आय.एस. ची घरघर आली आणि चित्र थांबलं.

मग खरी परीक्षा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा टेबलावर ठेवला, ४०० ला एफ ५.६ वर एक फोटो व्ह्यूफाइंडरने आणि एक लाइव्ह व्ह्यूने. दुसरा स्पष्ट आणि पहिला धूसर आला तर काच ठीक आहे, पण फोकस पुढे-मागे पडतो आहे. चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. यानंतर एफ ८ आणि एफ ११ वर, झूमच्या प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. हे बहुतेक जण विसरतात. पूर्ण उघड्या छिद्रावर सगळं ठीक चालतं, पण आतली पट्टीसारखी केबल तुटत आली असेल तर छिद्र लहान करताना एरर येतो. आमच्या वेळी अठ्ठावीस फोटो झाले आणि एकदाही आला नाही.

शेवटी बिल. लेन्सवरचा सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का ते बघा. बिलच नसेल तर चोरीचा माल नाही याची खात्री कोण देणार? जुन्या मॉडेलचे सुटे भाग कंपन्या काही वर्षांनी बनवणं थांबवतात, हे बोलून दाखवलं तर भावही थोडा उतरतो. चौतीस हजारांत ठरलं. उरलेल्या हजारात सिलिका जेल, हवाबंद डबा आणि छोटा हायग्रोमीटर.

ट्रायपॉड जिप्सीत मांडता येत नाही, त्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवून घ्या आणि इथेच तांदूळ भरा. आपल्या जिल्ह्यांत त्याला तोटा नाही. दारावर पिशवी, पिशवीवर लेन्स, आणि ड्रायव्हरभाऊंना इंजिन बंद करायची विनंती.

पावसाळ्यात कोअर जंगल जुलै ते सप्टेंबर बंद असतं. नेमका तोच बुरशीचा मोसम. डब्यातली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांत ठेवते आणि दर रविवारी लेन्स बाहेर काढून गच्चीवरून समोरच्या पिंपळावरचे पोपट टिपते. पिंपळाच्या मागे बॉईज होस्टेल असल्यामुळे वॉर्डनबाईंनी आधी हरकत घेतली होती. त्यांना ४०० मि.मी. तून पोपटाची लाल चोच दाखवली, तेव्हापासून त्याच विचारतात, आज काय दिसलं?