कृपेची जाणीव आणि स्तवन

जीव अनादि अविद्येने बद्ध आहे. देवता त्याला त्या बंधनातून सोडवू शकत नाहीत. उद्धरणाचे सामर्थ्य एका परमेश्वराच्याच ठायी आहे, हा ब्रह्मविद्येचा सिद्धान्त होय. म्हणून झालेल्या कृपेस आपल्या योग्यतेचे फळ मानणे ही साधकाची मोठी चूक ठरते.

मग कृपा झालेल्या जीवाने कसे वर्तावे? म्हाइंभटांचे चरित्र याचे उत्तर देते. ते सराळ्याचे व्युत्पन्न पंडित. विद्येचा अभिमान घेऊन ते वादासाठी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींकडे आले आणि तेथे तो अभिमान गळाला. पुढे सुमारे शके १२०० मध्ये त्यांनी श्रीनागदेवाचार्यांच्या साह्याने लीळा संकलित केल्या. ज्यांना स्वामींचे सन्निधान लाभले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक आठवण विचारून घेतली. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी ग्रंथ मराठीत सिद्ध केला.

येथे त्यांची विद्या नाहीशी झाली नाही, तिचे स्थान बदलले. वाद जिंकू पाहणारी बुद्धी आता इतरांच्या तोंडून ऐकू लागली. हेच त्यांचे स्तवन.

प्रवचनकाराने लीळा निरूपिताना श्रोत्यांचे चित्त श्रीप्रभूंकडे वळले की आपल्या वाणीकडे, हे तपासावे. वासनिकाने स्मरणास बसताना, हा धर्म आपणांस कोणाच्या मुखातून कळला ते आठवावे. मुखी स्तुती आणि मनात सहधर्मीयाविषयी तुच्छता असेल, तर कृपेची खरी जाणीव अद्याप झालेली नाही, असे समजावे.