बर्फाच्या मुलखाची बोट

आपल्या मेडशीत डिसेंबर लागला की पहाटे शेकोट्या पेटतात. हरभऱ्यावर दव पडते. नेमका त्याच वेळी पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला उन्हाळा असतो. पण आपल्या वैशाखासारखा नव्हे हं! सूर्य काही आठवडे मावळतच नाही, तरी जमिनीवरचे बर्फाचे जाड थर तसेच राहतात. या मुलखाला अंटार्क्टिका म्हणतात. हिवाळ्यात तिथला समुद्रही गोठतो. म्हणून बोट न्यायची ती उन्हाळ्यातच.

आपल्या देशाची पहिली तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. एकवीस माणसे, सगळे पुरुष. दुसऱ्या खेपेलाही बाई नव्हती. १९८३ च्या डिसेंबरात तिसरी तुकडी निघाली, तिच्यात मात्र दोन बाया होत्या. सुदीप्ता सेनगुप्ता या खडकांच्या अभ्यासक. दुसऱ्या अदिती पंत. अदितीबाईंचा जन्म नागपूरचा, म्हणजे आपल्या विदर्भातलाच. शिकत असताना समुद्रातल्या जीवांवरचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्यांनी तोच अभ्यास धरला. परदेशी शिकून आल्या आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या.

बोटीचे नाव फिनपोलारिस. ती फिनलंड देशाची होती. वाट नऊ हजार किलोमीटरहून जास्त. शेवटचा टप्पा फार वाईट. तिकडे पृथ्वीभोवती नुसते पाणीच आहे. वाऱ्याला अडवायला ना डोंगर, ना झाड. तो मोकाट सुटतो, लाटा घराएवढ्या उठतात, बोट पाळण्यासारखी हेलकावते. पुढे बर्फाचे तरंगते डोंगर लागतात. डोंगर दिसतो थोडा, बाकीचा सारा पाण्याखाली. खलाशाला डोळ्यांत तेल घालून बसावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव धोक्यात घालून तिथे पाहायचे काय? अदितीबाई पाहत होत्या समुद्राचे पाणी. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात. आपल्या पिकासारख्याच त्या उन्हावर वाढतात. त्या खाऊन झिंग्यासारखे लहान जीव जगतात. त्या जिवांवर मासे, पेंग्विन पक्षी आणि प्रचंड देवमासेसुद्धा! गवत नसेल तर गुरे कशी जगतील? तसेच हे.

त्याच खेपेला आपल्या लोकांनी दोनेक महिन्यांत बर्फावर एक ठाणे उभारले. नाव ठेवले दक्षिण गंगोत्री. बोट परतली, पण बारा जण तिथेच राहिले. हिवाळ्यात दोन महिने सूर्याचे तोंडही दिसत नाही, तो हिवाळा त्यांनी काढला.

ठाणे बर्फावर होते, तीच अडचण झाली. वरून बर्फ साचत गेला आणि ते हळूहळू खाली गाडले गेले. मग १९८९ मध्ये मैत्री नावाचे दुसरे ठाणे खडकावर बांधले. तिसरे भारती, ते २०१२ चे. या दोन्ही ठाण्यांवर आजही आपली माणसे राहतात. दक्षिण गंगोत्री तेवढी बर्फाच्या पोटात आहे.