दमा असलेला विद्यार्थी

कवायतीच्या तासाला मागे राहणाऱ्या एका मुलास मी शिक्षक असताना कामचुकार ठरविले होते. त्यास दमा होता, हे मला पुढे कळले. आपल्या हातून तशी चूक होऊ नये, म्हणून हे टिपण.

दम्यामध्ये फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, आतील अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद झाल्याने श्वास बाहेर टाकणे विशेष कठीण जाते व छातीतून शिटीसारखा आवाज येतो. हा रोग संसर्गजन्य नाही. अशा मुलास वेगळे बसवू नये.

धूळ, धूर, थंड हवा व एकदम धावणे यांनी दमा उसळतो. यास्तव वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, फळा ओल्या फडक्याने पुसावा.

धाप लागल्यास मुलास न निजविता ताठ बसवावे, धीर द्यावा आणि डॉक्टरांनी त्यास नेमून दिलेला इनहेलर ओढावयास द्यावा. त्याने आराम न पडल्यास, वाक्य पुरे बोलवेनासे झाल्यास किंवा ओठ निळसर पडल्यास विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दमा आटोक्यात असलेले मूल इतरांप्रमाणेच खेळू शकते. त्यास मैदानाबाहेर उभे करू नये.