गावाच्या पाण्याचा ताळेबंद

१ हेक्टरवर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडते. श्रमदानाने समतल चर खोदून ते जिरविले, तरी प्रत्येकाने मनमानी उपसा केल्यास उन्हाळ्यात टँकर चुकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदानाबरोबरच सिंचनासाठी बोअर घेण्यासही बंदी आहे. पावसाळा संपल्यावर ग्रामसभा पावसाची नोंद व विहिरींची पातळी पाहून हिशेब मांडते. प्रथम पिण्यासाठी, नंतर जनावरांसाठी पाणी राखून उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. आपणही येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. पर्जन्यमापक ग्रामपंचायतीने बसवावा. विहिरींच्या पातळीची नोंद तरुण मंडळाने ठेवावी.