रात्रीचे फोन आणि साहेबांची चौकशी

प्रश्न : अंधेरीच्या कंपनीत मी मानसिक प्रथमोपचारक आहे. एक सहकारी रोज रात्री फोन करून रडते; साहेब विचारतात, 'ती काय सांगते?' काय करू? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : तुमची तळमळ कळते, म्हणूनच स्पष्ट सांगते. बेटी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हापासून हे काम ऐकणं, धीर देणं आणि तज्ज्ञांपर्यंत पोचवणं एवढंच आहे. निदान, गोळ्यांचा सल्ला, रोजचं समुपदेशन त्यात येत नाही. तिला सांगा, 'जेवणाच्या सुट्टीत तुझ्याबरोबर बसेन. रात्री १४४१६ लाव.' ही सरकारची टेली-मानस सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन मात्र शेजारी बसून लावून द्या. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नंबर बहुधा तिथेच पडून राहतो.

साहेबांना एकच उत्तर : तिच्या परवानगीशिवाय काही सांगणार नाही. अपवाद जिवाच्या धोक्याचा. जगणं नको असं ती बोलली, तर आत्महत्येचा विचार येतोय का, हे सरळ विचारा. हो म्हणाली, तर एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, गरज पडल्यास ११२ लावा.

या मर्यादा एचआरकडून लेखी घ्या, आणि तुमच्या रजेत कोण पाहणार तेही.